लिंक धुवून मिळेल

माझ्या बुकमार्क बारवर बँक, मेल, रेल्वेचं तिकीट वगैरे नेहमीच्या मंडळींमध्ये दोन बुकमार्क असे आहेत की ते दाबले तर कुठलंच पान उघडत नाही. एकाचं नाव 'धू', दुसऱ्याचं 'उचल'. घरात कोणी माझ्या लॅपटॉपवर बसलं की हमखास दाबून बघतं आणि वर म्हणतं, "अगं, हे बंद पडलंय." बंद काही पडलेलं नसतं, काम होऊन गेलेलं असतं, फक्त ते क्लिपबोर्डवर झालेलं असतं, म्हणजे कॉपी केलेलं पेस्ट होईपर्यंत जिथे थांबतं तिथे, आणि क्लिपबोर्ड काही डोळ्यांना दिसत नाही.

याला बुकमार्कलेट म्हणतात. दिसायला साधा बुकमार्कच, पण पत्त्याच्या जागी एचटीटीपीऐवजी 'जावास्क्रिप्ट' आणि कोलन, आणि त्यापुढे पाच-सहा ओळींचा कोड एकाच ओळीत कोंबलेला. क्लिक केलं की तो कोड समोर उघडं असेल त्या पानावर चालतो, बस्स. ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही वेबपानांची प्रोग्रॅमिंगची भाषा लिहिली तेव्हाच ही सोय ठेवली होती, आणि ती मुद्दामच ठेवलेली, असे पत्ते बुकमार्क करता यावेत म्हणून, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलंय. म्हणजे एवढी जुनी गोष्ट, कोणी तिची जाहिरात करत नाही, आणि अजून चालतेय. मला अशा गोष्टींचं फार कौतुक वाटतं.

'धू' कशाला लागलं ते सांगते. मराठी विकिपीडियावरच्या पुणे लेखाची लिंक मी एकदा मावशीला पाठवली. क्रोममध्ये वर पत्त्यात छान 'पुणे' दिसत असतं हो, पण कॉपी करून व्हॉट्सॅपवर टाकलं की त्याचं टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ए असं लांबलचक शेपूट होतं. मावशीचा लगेच फोन, "बाळा, हे काय पाठवलंयस, व्हायरस आहे का?" आता तिला काय सांगणार, की मावशी, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहितात, म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. 'पुणे'मध्ये प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, झाली छत्तीस अक्षरं! पुण्याचं हे, तर छत्रपती संभाजीनगरचं काय होत असेल त्याचा विचार करा.

तर 'धू' दाबलं की ते आधी हा टक्क्यांचा गुंता सोडवून पुन्हा मराठी अक्षरं करतं (त्याला डीकोड यूआरआय नावाचं तयार फंक्शन आहे, आपल्याला काही डोकं लावावं लागत नाही) आणि मग प्रश्नचिन्हाच्या पुढचा मळ काढतं. यूटीएम सोर्स, एफबीक्लिड, असलं काय काय चिकटलेलं असतं लिंकला, तुम्ही कुठून आलात हे त्यांना कळावं म्हणून. वाचणाऱ्याला त्याचा शून्य उपयोग. मात्र प्रश्नचिन्हापुढचं सरसकट कापून चालत नाही, यूट्यूबवर व्हिडिओचा नंबर तिथेच असतो, तो गेला तर समोरच्याला नुसतं यूट्यूबचं पहिलं पान मिळेल. म्हणून नावं घेऊन ठरावीक गोष्टीच काढायच्या.

'उचल'चं काम वेगळं. पानावरचा जो मजकूर सिलेक्ट केलाय तो, खाली पानाचं शीर्षक, त्याखाली धुतलेली लिंक, असं सगळं एका दमात क्लिपबोर्डवर. काही बातम्यांच्या साइटवर दोन ओळी कॉपी केल्या की पेस्ट करताना खाली 'अधिक वाचा' आणि त्यांची लिंक आपोआप येते, कारण आपण कॉपी म्हटलं की ते पान मध्ये हात घालतं. 'उचल' सिलेक्ट केलेलं थेट वाचतं आणि थेट क्लिपबोर्डला देतं, पानाला मध्ये बोलायची संधीच मिळत नाही. श्रेय द्यायला माझी ना नाही, उलट शीर्षक आणि लिंक मी स्वतःच जोडते की, फक्त ती माझ्या हाताने.

कट-कॉपी-पेस्ट ज्याच्यामुळे आपल्याला मिळालं तो लॅरी टेस्लर, १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात होता, २०२० मध्ये गेला. त्या दशकापासून मूळ कल्पना तीच, पण ब्राउझरला मात्र क्लिपबोर्डला कोणी हात लावलेला आवडत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं, तिथे आपला पासवर्डही पडलेला असू शकतो. त्यामुळे क्लिपबोर्डवर थेट लिहायची नवी पद्धत फक्त एचटीटीपीएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, पानावर चालते, आणि पानावर फोकस हवा, कर्सर वर पत्त्यात असेल तर कधीकधी रुसून बसते. जुन्या एचटीटीपी साइटवर मग जुना जुगाड: पानात गुपचूप एक टेक्स्टएरिया (मजकूर लिहायची चौकट) तयार करायचा, त्यात मजकूर ओतायचा, तो सिलेक्ट करायचा, कॉपीची आज्ञा द्यायची आणि टेक्स्टएरिया काढून टाकायचा. हे इतक्या झटक्यात होतं की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. ही आज्ञा कालबाह्य म्हणून कधीच जाहीर झालीय, तरी चालतेय.

यासाठी एक्स्टेंशनं, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, ढिगाने मिळतात, मान्य. पण त्यातली बरीचशी आल्या आल्या म्हणतात की तुम्ही जाल त्या सगळ्या साइटवरचा डेटा वाचू आणि बदलू द्या. एक लिंक धुवायला एवढी किल्ली कशाला द्यायची? बुकमार्कलेट मी दाबेन तेव्हाच जागं होतं आणि त्याच टॅबपुरतं. अर्थात दुसऱ्याने दिलेलं, आत काय आहे ते न बघता दाबू नका. लॉगिन केलेल्या पानावर तो कोड तुमच्याच नावाने वाट्टेल ते करू शकतो. असे घोटाळे झालेत म्हणूनच तर क्रोममध्ये असा कोड पत्त्याच्या जागी पेस्ट केला की सुरुवातीचं 'जावास्क्रिप्ट' ते स्वतःच उडवून टाकतं.

सध्या तिसरं चाललंय, 'तक्ता' नावाचं. पानावरचं टेबल उचलून दोन रकान्यांमध्ये टॅबचं चिन्ह (कीबोर्डवरच्या टॅबचं) घालायचं म्हणजे एक्सेलमध्ये सरळ घराघरात बसतं, आणि मराठी आकडे असतील तर ते इंग्रजी करायचे, नाहीतर एक्सेल त्यांना अक्षरं समजतं आणि बेरीज शून्य येते. आकड्यांचं सोपं आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, ० चा नंबर २४०६, १ चा २४०७, असे ओळीने आहेत, २४०६ वजा केले की झालं. अडलंय ते दोन घरं जोडून एक केलेलं असतं तिथे. त्या ओळीतले पुढचे सगळे आकडे एकेक घर डावीकडे सरकतात. रविवारी बघते त्याचं.