नमुना 26 समोर ठेवून उमेदवारांची तुलना : माझा अनुभव

विधानसभेच्या उमेदवारांची तुलना करायची म्हटलं की मी प्रचारपत्रकं बाजूला सारतो आणि नमुना 26 उघडतो. मालमत्ता, उत्पन्न आणि गुन्हे यांची माहिती देणारं, अर्जासोबत द्यावं लागणारं हे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युवर कँडिडेट’ ॲपवर मिळतं. घाई मात्र नको. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेला अर्ज भरण्याची मुदत 29 ऑक्टोबरला संपली, माघारीची 4 नोव्हेंबरला. तोवर यादीत डमी, म्हणजे पक्षाने पर्याय म्हणून भरून ठेवलेले अर्जही असतात. एकाला चार अर्ज भरता येतात, त्यामुळे एकाच नावापुढे तीन-चार फायली दिसतात. त्यांतलं शेवटच्या तारखेचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं, आणि सोबत त्याच उमेदवाराचं 2019 चंही.

शेवटी ‘भाग ब’ म्हणजे गोषवारा असतो. बहुतेक जण तेवढाच वाचतात आणि तिथेच फसतात. समजा, स्थावर मालमत्ता 2 कोटींवरून 5 कोटींवर गेलेली दिसते. आत जाऊन पाहावं तर गट क्रमांक तेच, क्षेत्र तेच, वाढलाय फक्त अंदाजे बाजारभाव. उलट बेरीज जवळपास तेवढीच, पण एक शेत विकून दोन बिनशेती प्लॉट घेतलेत, असंही निघतं. म्हणून माझ्या तक्त्यात गट क्रमांक, क्षेत्र, वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत एवढेच रकाने. बाजारभाव मी धरतच नाही. कुणी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचा दर लावतो, कुणी मनाचा. पती-पत्नी आणि अवलंबितांचे रकाने न विसरता मिळवायचे. कमावता मुलगा अवलंबित नसतो, त्यामुळे त्याच्या नावावर गेलेली जमीन कागदावरून गायब होते.

पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न पाहून हसू नका. शेतीचं उत्पन्न करमुक्त, ते एकूण उत्पन्नाच्या आकड्यात येत नाही. बागायतदाराचा आकडा शिक्षकापेक्षा कमी दिसू शकतो.

गुन्ह्यांचं पान सर्वांत सावकाश वाचावं लागतं. संख्या मोजून काही कळत नाही. मोर्चा काढणाऱ्या कार्यकर्त्यावर भारतीय दंड विधानाचं (भादंवि) 188, 143 आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 135 अशी कलमं दहा-दहा वेळा लागलेली असतात. फसवणुकीचा एकच 420 त्याहून जड. दोषारोप निश्चित झालेत का, हा रकाना आधी पाहा. 1 जुलै 2024 पासून भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर आणखी एक सापळा आलाय. भादंविचं जुनं 353 म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, आणि न्याय संहितेचं 353 म्हणजे समाजात गडबड माजवणारी विधानं. 420 आता 318(4) झालंय. आकड्याशेजारी कायद्याचं नाव लिहिलंच पाहिजे.

विद्यमान आमदाराचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना विधिमंडळाच्या कामकाजात सापडतात. पण मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. त्याच्यापुढचं शून्य हे कामचुकारपणाचं नव्हे.

राहता राहिले नामसाधर्म्याचे अपक्ष. मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष असा क्रम लागतो. निवडलेल्या उमेदवाराचा अनुक्रमांक आणि चिन्ह कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण मोबाइल मतदान केंद्रात नेता येत नाही.