३२ सेकंदांनी तुटणारा कॉल

सकाळी साडेदहाला टेलिफोन डेस्कवरच्या ताईंचा निरोप आला. "सर, बोलणं चालू असतानाच फोन तुटायलाय की ओ. पेशंटचं नाव विचारून होतंय, गाव विचारून होतंय, आणि मध्येच कट." बाहेरून आलेला तुटतो की आपण लावलेला, एवढंच विचारलं. "आलेलाच तुटतो. आपण लावलेल्याचं काही नाही." निम्मं निदान त्या उत्तरातच होतं, पण ते हाती लागायला दुपार उजाडली.

काम सोलापुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं. अक्कलकोट, मोहोळ, तुळजापूर, तिकडे इंडी, विजयपूर, कलबुर्गीपासून रुग्ण इथे येतात आणि निघण्याआधी फोन करतात. अपॉइंटमेंट आणि अपघात विभाग दोन्ही ०२१७च्या एकाच क्रमांकावर. फोन लागला की मराठीसाठी १, कन्नडसाठी २, तेलुगूसाठी ३. जुना ईपीएबीएक्स, म्हणजे हॉस्पिटलचा अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, ३० चॅनेलच्या पीआरआय लाइनवर (एका वेळी ३० कॉल नेणारी जुन्या पद्धतीची लाइन) चालायचा. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, म्हणून हा एक्स्चेंज, म्हणजे पीबीएक्स, एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये हलवला, पीआरआयच्या जागी ३० चॅनेलची सिप ट्रंक घेतली (सिप म्हणजे इंटरनेट पद्धतीच्या नेटवर्कवर कॉल जोडण्या-तोडण्याची संदेशभाषा) आणि दोघांच्या मधे व्हर्च्युअल सेशन बॉर्डर कंट्रोलर, म्हणजे एसबीसी, उभा केला. ट्रंक नेमकी कुठे उतरवायची, याला परवानाधारक दूरसंचार कंपनीची लेखी संमती आधी घेतली होती. हे तोंडी उरकू नये.

साधा फायरवॉल पॅकेटचा पत्ता आणि पोर्ट बघतो. एसबीसीला कॉल कळतो. बाहेरून आलेला कॉल तो स्वतःवर संपवतो आणि आतल्या बाजूला पीबीएक्सकडे दुसरा कॉल सुरू करतो, त्यामुळे बाहेरच्याला पीबीएक्सचा पत्ता कधीच दिसत नाही. आवाजाचे पोर्ट तो त्या कॉलपुरतेच वापरात घेतो आणि कॉल संपला की सोडतो. पूर्वी हे काम रॅकमधली पेटी करायची. क्लाउडमध्ये तेच सॉफ्टवेअर भाड्याच्या मशिनवर चालतं, आणि पेटीला न पडणारे काही प्रश्न तिथे पडतात.

मशिन निवडतानाच पहिला फरक जाणवतो. ३० कॉलना ताकद फारशी लागत नाही. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. आवाजाचे १६० बाइट आणि आरटीपी, यूडीपी, आयपीची शीर्षकं मिळून ४०, असे २०० बाइट. हिशेब एका दिशेला ८० केबीपीएसचा. ३० कॉलना २.४ एमबीपीएस. एसबीसीवर प्रत्येक कॉलचे दोन पाय, एक बाहेरचा आणि एक आतला, म्हणून सेकंदाला ३,००० पॅकेट आत आणि तितकीच बाहेर. एवढ्याला लहान मशिन पुरतं. पण आम्हाला नेटवर्क इंटरफेस चार हवे होते: मॅनेजमेंट, एक पडलं तर दुसऱ्याने काम घ्यावं म्हणून ठेवलेल्या जोडीतल्या दोन मशिनचं आपसातलं बोलणं, बाहेरची बाजू आणि आतली बाजू. सी५.लार्जला तीनच जोडता येतात, सी५.एक्सलार्जला चार. त्यामुळे दुसरं घेतलं. टी३ जातीची मशिनं स्वस्त दिसतात, पण त्यांचा सीपीयू क्रेडिटवर चालतो. सलग चालणाऱ्या आवाजाच्या कामाला ती घेऊ नयेत. व्हर्च्युअल एसबीसीत डीएसपी चिप नसते, कोडेक बदलायचं काम सीपीयूवर पडतं, म्हणून फोनपासून ट्रंकपर्यंत एकच जी.७११ ए-लॉ ठेवला.

चारही सबनेट, म्हणजे नेटवर्कचे तुकडे, /२८ चे केले. त्यात १६ पत्ते, पैकी ५ एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, हाती ११ उरतात. चारही इंटरफेस मशिनच्याच अ‍ॅव्हेलेबिलिटी झोनमधले (एडब्ल्यूएसच्या एकाच डेटा सेंटर गटातले) लागतात. एसबीसीमध्ये इंटरफेसचा क्रम बघताना नावावर विसंबलो नाही, प्रत्येकाचा मॅक पत्ता कन्सोलशी जुळवून घेतला. डीफॉल्ट रूट बाहेरच्या बाजूला दिला आणि मॅनेजमेंटसाठी वेगळा स्टॅटिक रूट. डीफॉल्ट रूट चुकून मॅनेजमेंटवर राहिला तर ट्रंकला जाणारं उत्तर भलत्याच इंटरफेसने निघतं आणि वाटेतच गळतं. घड्याळ १६९.२५४.१६९.१२३ या पत्त्यावरच्या टाइम सर्व्हिसला जोडलं. ते चुकलं तर टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शनचं, सर्टिफिकेट मुदतबाह्य ठरून फोन रजिस्टरच होत नाहीत. हॉस्पिटलमधले फोन टीएलएसवर, ५०६१ पोर्टवर आणले. संदेश एन्क्रिप्टेड असला की वाटेतल्या राउटरच्या सिप एएलजीला (सिपच्या मजकुरातले पत्ते परस्पर बदलणारी सोय) त्यात हात घालता येत नाही, आणि निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फायरवॉलमध्ये, यूडीपी ५०६० फक्त ट्रंकच्या दोन ठरावीक पत्त्यांना उघडला, ५०६१ हॉस्पिटलच्या स्टॅटिक आयपीला, आवाजाला २०००० ते २०९९९. ट्रंक कंपनीचा सिग्नलिंगचा पत्ता आणि आवाजाचा पत्ता बऱ्याचदा वेगळे असतात. दोन्ही मागून घ्यावेत, नाहीतर घंटी वाजते, फोन उचलला जातो आणि पुढे शांतता.

इतकं सगळं जुळवून आदल्या रात्री चाचणी झाली होती. बाहेरून फोन लावला, आवाज आला. आतून लावला, आवाज गेला. आयव्हीआरची, म्हणजे भाषा निवडायची, बटणं चालली. सगळे हिरवे शेरे. आणि सकाळी कॉल तुटायला लागले.

पहिला संशय हॉस्पिटलच्या इंटरनेट लाइनवर घेतला, तो अर्ध्या तासात फिटला. जिटर, म्हणजे पॅकेट येण्यातला वेळेचा चढउतार, बरा होता, पॅकेट गळत नव्हती. मग दहा तुटलेल्या कॉलच्या नोंदी काढल्या आणि उचलल्यापासून तुटेपर्यंतची वेळ मोजली. दहाही कॉल ३२ सेकंदांच्या आसपास. लाइन खराब असती तर कॉल कधी पाचव्या, कधी चाळिसाव्या सेकंदाला तुटले असते. इतका नेमका आकडा कुणीतरी घड्याळ लावल्याशिवाय येत नाही.

ते घड्याळ सिपच्या मुख्य मानकात, २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये आहे. फोन उचलला की उचलणारी बाजू '२०० ओके' पाठवते, आणि समोरच्याने 'अ‍ॅक' पाठवून पोच द्यायची असते. पोच आली नाही तर '२०० ओके' पुन्हा जातो: अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. मूळ वेळ अर्धा सेकंद, तिच्या ६४ पट म्हणजे ३२ सेकंद. तोवर पोच नसेल तर 'बाय' पाठवून कॉल संपवायचा. बाहेरच्या इंटरफेसवर पॅकेट पकडली तेव्हा अगदी हेच दिसलं. एकच '२०० ओके' अकरा वेळा गेला होता, 'अ‍ॅक' एकही नव्हता, शेवटी आमच्याच एसबीसीचा 'बाय'.

ट्रंक कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला, तर त्यांच्या नोंदीत 'अ‍ॅक' गेलेला होता. दोघांच्या नोंदी जुळवायला वेळ गेला, कारण आमचा एसबीसी यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होता आणि त्यांची नोंद भारतीय वेळेत. त्यांचे ११:४२ म्हणजे आमचे ०६:१२. एकच कॉल समोरासमोर ठेवल्यावर ते म्हणाले, "सर, तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये दहाचा पत्ता येतोय. आमचा अ‍ॅक तिकडेच जातोय."

१०.४०.१.१०. एसबीसीच्या बाहेरच्या इंटरफेसचा खासगी पत्ता. क्लाउडमधल्या मशिनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता माहीतच नसतो. एडब्ल्यूएसने दिलेला हा सार्वजनिक पत्ता, इलास्टिक आयपी, मशिनवर लिहिलेला नसतो, तो बाहेर इंटरनेट गेटवेपाशी एकास एक बदलला जातो. ही अदलाबदल फक्त पॅकेटच्या शीर्षकात होते. सिपचा मजकूर मात्र पॅकेटच्या पोटात असतो, तिथे 'कॉन्टॅक्ट' (पुढचे संदेश कुठे पाठवायचे) आणि एसडीपीच्या 'सी' ओळीत (आवाज कुठे पाठवायचा) एसबीसीने आपल्याला ठाऊक असलेला खासगी पत्ता लिहिला होता. समोरचा त्याच पत्त्यावर 'अ‍ॅक' पाठवणार, आणि तो पत्ता आमच्या व्हीपीसीबाहेर, म्हणजे क्लाउडमधल्या आमच्या खासगी नेटवर्कबाहेर, कुठेच पोहोचत नाही.

मग आवाज कसा येत होता? हाच भाग सर्वांत फसवा. एसडीपीमध्ये पत्ता चुकीचा असूनही ट्रंक कंपनीचा कंट्रोलर, आवाजाचं पॅकेट प्रत्यक्षात ज्या पत्त्यावरून आलं त्याच पत्त्यावर उत्तर पाठवत होता. याला लॅचिंग म्हणतात. त्यांच्या या सोयीमुळे आमची चूक झाकली गेली. लॅचिंग नसतं तर रात्रीच एकतर्फी आवाज आला असता आणि पंधरा मिनिटांत चूक सापडली असती.

लावलेले कॉल का तुटत नव्हते, तेही आता उलगडलं. आम्ही 'इन्व्हाइट', म्हणजे कॉल लावायचा संदेश, पाठवला की '२०० ओके' हे 'व्हाया'च्या वाटेने, पॅकेट जिथून आलं तिथेच परत येतं, आणि 'अ‍ॅक' आम्ही पाठवायचा असतो, त्यांच्या सार्वजनिक पत्त्यावर. म्हणून कॉल टिकतो. पण समोरच्याने आधी फोन ठेवला तर त्याचा 'बाय' पुन्हा त्या खासगी पत्त्याकडे जातो आणि हरवतो. डॅशबोर्ड उघडून बघितला तर डेस्कवर चार जण बोलत होते आणि चॅनेल १९ व्यापलेले. उरलेले १५ मेलेले कॉल. संध्याकाळपर्यंत तिसही भरले असते आणि अपघात विभागाला फोन लावणाऱ्याला व्यस्त टोन मिळाला असता. तुटणाऱ्या कॉलपेक्षा मला हे जास्त गंभीर वाटलं, कारण याची तक्रार डेस्कवरून आलीच नसती.

दुरुस्ती एका ओळीची: एसबीसीच्या नॅट (पत्ता बदलायच्या) तक्त्यात १०.४०.१.१० समोर इलास्टिक आयपी लिहिणं, सिग्नलिंगला आणि २०००० ते २०९९९ च्या आवाजालाही. पण घाईत हा नियम सगळ्याच इंटरफेसना लागला. कॉल टिकायला लागले आणि पीबीएक्सकडून येणारा आवाज बंद झाला, कारण आता पीबीएक्सलाही सार्वजनिक पत्ता सांगितला जात होता आणि त्याच्या सबनेटला बाहेर जायची वाटच नव्हती. नियम फक्त बाहेरच्या इंटरफेसला बांधल्यावर दोन्ही बाजू नीट झाल्या. पडताळणीला पॅकेट पुन्हा पकडली आणि ट्रंककडे जाणाऱ्या संदेशांत '१०.४०' शोधलं. एकदाही सापडता कामा नये. अडकलेले चॅनेल हाताने सोडवले आणि पुढे असं झालंच तर आवाज थांबल्यावर कॉल आपोआप संपावा म्हणून आरटीपीची, म्हणजे आवाजाच्या पॅकेटची, निष्क्रियता मर्यादा लावली.

रात्रीच्या चाचणीत हे का निसटलं, ते उघड आहे. "हॅलो, आवाज येतोय का? येतोय. ठेवा." सगळे कॉल दहा-बारा सेकंदांचे. आता आमच्या चाचणीच्या कागदावर आलेला कॉल किमान ४० सेकंद धरून ठेवणं आहे, प्रत्येक दिशेचा कॉल दोन्ही टोकांनी पाळीपाळीने ठेवून चॅनेल सुटला का बघणं आहे, आणि एक कॉल ३५ मिनिटं चालू ठेवणं आहे. शेवटचा सेशन टायमरसाठी, म्हणजे चालू कॉल अजून जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने तपासणाऱ्या घड्याळासाठी. आरएफसी ४०२८ प्रमाणे शिफारस केलेली मुदत १,८०० सेकंदांची, तिचं नूतनीकरण निम्म्या वेळेला, १५ मिनिटांनी होतं, आणि तो संदेशही 'कॉन्टॅक्ट'वरच्याच पत्त्यावर जातो.

सकाळच्या धावपळीत आणखी एक गोष्ट घडली होती. सिक्युरिटी ग्रुपचा नियमच अडवत असेल का, हे बघायला आमच्यातल्या एकाने ५०६० सगळ्या जगाला उघडला आणि तो तसाच राहिला. लॉग चाळताना 'फ्रेंडली-स्कॅनर' असं यूजर-एजंट (पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव) लावलेले 'ऑप्शन्स' (जागे आहात का, असं विचारणारे संदेश) आणि पाठोपाठ १००, १०१, १०२ असे एक्स्टेंशन चाचपणारे 'रजिस्टर' (नोंदणीचे संदेश) दिसले. नाव फ्रेंडली असलं तरी पासवर्ड सापडला की रातोरात परदेशातल्या महागड्या क्रमांकांना कॉल लावले जातात आणि बिल हॉस्पिटलच्या नावावर येतं. नियम लगेच मिटवला. आंतरराष्ट्रीय डायलिंग एसबीसीवर बंद केलं आणि ट्रंक कंपनीकडूनही बंद करून घेतलं. दोन कुलपं, दोन वेगळ्या हातांत.

चार वाजता जोडीची चाचणी घेतली, आणि तिथे क्लाउडने दुसरा धडा दिला. रॅकमधल्या दोन पेट्यांत एक पडली की दुसरी 'हा पत्ता आता माझा' असं ग्रॅच्युइटस एआरपीने नेटवर्कला सांगते. व्हीपीसी ते ऐकत नाही. तिथे उभ्या राहणाऱ्या मशिनने एडब्ल्यूएसच्या एपीआयला विनंती करून १०.४०.१.१० हा दुय्यम पत्ता आपल्या इंटरफेसवर ओढून घ्यावा लागतो. इलास्टिक आयपी त्या पत्त्याला बांधलेला, तो मागोमाग येतो. आम्ही पहिलं मशिन बंद केलं. दुसरं 'मी अ‍ॅक्टिव्ह' म्हणालं, पण एकही कॉल आला नाही. आयएएम रोल, म्हणजे मशिनला एडब्ल्यूएसमध्ये दिलेल्या परवानग्या, नीट होता, इंटरफेसची माहिती वाचायची आणि पत्ता हलवायची परवानगी त्यात होती. पण मॅनेजमेंट सबनेटमधून एपीआयपर्यंत जायला रस्ताच नव्हता: सार्वजनिक पत्ता नाही, नॅट गेटवे नाही. ईसी२ (एडब्ल्यूएसची मशिनांची सेवा) साठी व्हीपीसी एंडपॉइंट, म्हणजे तिच्या एपीआयपर्यंतची खासगी वाट, बसवला, त्याच्या सिक्युरिटी ग्रुपला ४४३ उघडला आणि चाचणी पुन्हा घेतली. या वेळी चालू कॉलमध्ये काही सेकंद शांतता पडली आणि बोलणं पुढे सुरू झालं.

दोन्ही मशिन एकाच झोनमध्ये आहेत, कारण सबनेट झोन ओलांडत नाही. अख्खा झोन बसला तर जोडी बसेल. त्यासाठी ट्रंक कंपनीकडे पर्यायी मार्ग नोंदवला: एसबीसीकडून 'ऑप्शन्स'ला उत्तर येणं थांबलं की ०२१७ वरचे कॉल अपघात विभागातल्या मोबाइलवर वळतील. संध्याकाळी साडेसहाला दोन्ही मशिन मिनिटभर मुद्दाम बंद ठेवून तेही पाहिलं. टेबलावरचा मोबाइल वाजला, आणि ताईंनी उचलून सवयीने विचारलं, "बोला, पेशंटचं नाव काय?"