आमची वाटचाल : कमी खाऊन वाढणारा बोकड

आमचा फार्म तुळजापूर तालुक्यात, जनावर उस्मानाबादी, आणि धंदा पैदाशीच्या बोकडांचा. कटाईचा माल पण जातो पण ते दुय्यम. बंदिस्त शेळीपालनात खर्चाचे 60-70 टक्के चाऱ्या-खुराकात जातात हे प्रत्येकाला पाठ आहे, तरी बोकड घेताना माणूस उंची बघतो, कान बघतो, रंग बघतो, आणि एवढं वजन यायला त्यानं खाल्लं किती हे कुणी विचारत नाही. आम्ही 2009 ला सुरू केलं ते याच एका प्रश्नावर आणि आजही त्यावरच उभे आहोत, याचा अभिमान आहे.

सुरुवातीला सोबत माझा मावसभाऊ होता. हाताला सुतारकामाची जाण, डोकं शांत. त्यानं बनवलेले कप्पे आजही वापरात आहेत. एका कप्प्यात एकच बोकड, गव्हाणीला अशी फट की मान आत जाते पण पाय टाकता येत नाही, आणि खाली पत्र्याचा ट्रे. ट्रे कशाला तर शेळी चारा निवडून खाते, बराच खाली पाडते आणि पडलेल्याला पुन्हा तोंड लावत नाही, मग तो पाडलेला मोजला नाही तर सगळा हिशोबच खोटा. सकाळी वजन करून टाकायचं, दुसऱ्या दिवशी गव्हाणीतलं आणि ट्रेतलं उरलेलं परत काट्यावर. ओला घास आणि कडबा कुट्टी एका मापात धरायची नाही, घासात पाणीच जास्त असतं, हिशोब सुक्यावरच करायचा. बोकडाचं वजन आठवड्याला एकदा, सकाळी, उपाशीपोटी, चारा-पाण्याच्या आधी. पोट भरल्यावर केलेलं वजन म्हणजे आतल्या चाऱ्याचं वजन.

करडं तीन महिन्यांची झाली की आईपासून तोडून कप्प्यात घेतो, पहिले दोन आठवडे खुराकाची सवय लागण्यात जातात ते धरत नाही, पुढचे दोनेक महिने मोजतो. तुलना एकाच बॅचमध्ये, एकाच वयाच्यात, आणि जुळं की एकटं हे वहीत लिहून, कारण जुळ्याला आईचं दूध वाटून मिळालेलं असतं, त्याला एकट्याशेजारी उभं करून नापास करणं हा अन्याय आहे.

आता इथं एक गोष्ट नवीन लोकांनी नीट समजून घ्या. नुसता एफसीआर, म्हणजे किती किलो खाऊन एक किलो वाढ, एवढ्यावर निवड केली की हळूहळू मोठ्या हाडाची, झपाट्यानं वाढणारी जनावरं निवडली जातात. बोकड विकून मोकळे होता, पण त्याच्या पाटी, म्हणजे मादी करडं, मोठ्या होऊन आयुष्यभर तुमच्या गव्हाणीत जास्त खातात, नुसतं अंग सांभाळायलाच. म्हणून 1963 मध्ये अमेरिकेत कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांवर जी पद्धत मांडली तीच आम्ही धरली. या वजनाच्या आणि या वाढीच्या जनावरानं किती खायला पाहिजे होतं ते काढायचं आणि प्रत्यक्षात किती खाल्लं ते त्याशेजारी ठेवायचं. अपेक्षेपेक्षा कमी खाऊन तेवढीच वाढ दिली तो बोकड ठेवायचा. हा गुण पोरांत बऱ्यापैकी उतरतो, पण पिढ्या लागतात.

मधली वर्षं चांगली गेली. मग 2017 ला शहरातून एक पार्टी आली. प्रदर्शनात मांडव, फ्लेक्स, ऐंशी-ऐंशी किलोचे बोकड, वर बायबॅकचं, म्हणजे तयार माल परत विकत घेण्याचं, आश्वासन. आमचे बोकड त्यांच्याशेजारी बारीक दिसायचे. आमची गिऱ्हाइकं बुकिंग मोडून तिकडं गेली, काहींनी ॲडव्हान्स परत मागितला आणि आम्ही दिला. त्या बोकडांना मका आणि पेंड किती घातली हे मी भर प्रदर्शनात विचारलं तर मलाच बाजूला घेऊन गेले. राग त्याचाही नाही एवढा. मध्यस्थामार्फत त्यांनी आमचेच बोकड उचलले, कानातले बिल्ले काढले, स्वतःचे मारले आणि विदेशी रक्ताची खास लाईन म्हणून दुप्पट भावानं विकले. एकाच्या कानाला दोन भोकं, जुनं बुजत आलेलं आमचं, त्याच जागी जिथं आम्ही मारतो. मी हात लावून बघितलंय. बोअर या दक्षिण आफ्रिकेतल्या जातीला माझा विरोध नाही, फलटणच्या निंबकर संस्थेनं ती जात इथं आणली, रीतसर काम केलं, त्यांच्याबद्दल आदरच आहे. काळ्या उस्मानाबादीला विदेशी म्हणून खपवणं ही चोरी आहे.

2018 चा पाऊस गेला आणि आमचं कंबरडं मोडलं. बुकिंग नाही, कडब्याचा भाव हाताबाहेर, बँकेचा हप्ता थकला, चांगल्या गाभण शेळ्या बाजारात कटाईच्या भावानं गेल्या. मावसभावानं तेव्हाच त्याचा हिस्सा काढून घेतला, घरात लग्न होतं, त्याला दोष देत नाही.

त्या वर्षी बार्शीकडचे अण्णा आले नसते तर फार्म बंद झाला असता. पहिल्या बॅचपासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्याकडं आमच्या बोकडांच्या पाटी दोन-तीन वेतं झालेल्या, आणि त्या दुष्काळात तुरीच्या भुसकटावर आणि थोड्या सुबाभळीवर त्यांनी अंग धरलं होतं, शेजारच्या दावणीतल्या मोठ्या शेळ्यांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. अण्णांनी पुढच्या दोन बोकडांचे पैसे आधीच हातात ठेवले आणि म्हणाले, वही बंद करू नको. त्यांच्याच दावणीला शेळ्या बघून आणखी लोक आले. बायबॅकवाले तोवर फोन उचलत नव्हते.

पुढं सगळं रुळावर आलं.

नवीन माणसाला सांगतो, शेळ्यांच्या आधी काटा घ्या. विकणाऱ्याकडं फोटो मागू नका, चाऱ्याची वही मागा. एकच बोकड कळपात वर्षानुवर्षं ठेवू नका, दोन वर्षांत बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाटींना लागतो आणि करडं मरतुकडी येतात. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस चुकवू नका.

आता आमचा प्रत्येक बोकड वहीच्या पानाच्या झेरॉक्ससकट जातो, काय खाल्लं, किती वाढला, आई कोण, जुळा की एकटा. बिल्ला दोन्ही कानांत मारतो. आणि प्रदर्शनात आम्ही बोकड नेत नाही, ज्याला घ्यायचाय त्यानं सकाळी चारा टाकायच्या आधी यावं आणि काट्यावर स्वतः वजन करून घ्यावं.