पेसमेकर आहे का? - नाही

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात आमच्या फैजपूरला क्लिनिकमध्ये माहेरवाशिणींची गर्दी असते. बाया वर्षातून एकदा माहेरी येतात, झोक्यावर बसतात, दोन दिवस गाणी म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून माझ्याकडे येतात. त्या दिवशी ऊन असं की सकाळी दहालाच पत्रा तापलेला, बाहेर बाकावर आठ-दहा जण, आणि आत मी एकटी फिजिओ आणि एक असिस्टंट मुलगी.

मावशी साठीच्या असतील, सुरतला मुलाकडे राहतात, भावजयीबरोबर आल्या होत्या. म्हणाल्या कंबर आखडलीय बाई, शेक दे. आमच्या केसपेपरवर छापलेले प्रश्न आहेत, बीपी शुगर वगैरे, आणि त्यात एक "पेसमेकर आहे का". मुलीने विचारलं, मावशी म्हणाल्या नाही, तिने तिथे नाही लिहिलं आणि त्यांना शॉर्टवेव्हच्या, म्हणजे लहरींनी आतून शेक देणाऱ्या मशीनच्या, टेबलावर पालथं झोपवलं. पॅड लावले, टॉवेल टाकला, टायमर लावायचा बाकी होता. माझी एक सवय आहे, मशीन सुरू करण्याआधी पाठीवर हात फिरवून बघायची, स्नायू कुठे कडक आहे ते कळतं. गर्दीत कधीकधी राहून जातं, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी नाही राहिलं.

उजव्या कुल्ह्याच्या वर, लुगड्याच्या निऱ्या खोचतो त्याच्या जरा खाली, माझ्या बोटांना काहीतरी लागलं. काडेपेटीएवढं, कडक, कडा गोल, कातडीखाली किंचित हलणारं. वर एक बारीक पांढरी शिवण आणि मणक्यावर दुसरी. मी मुलीला ओरडूनच म्हटलं, हात काढ, प्लग काढ. मावशी घाबरून उठायला लागल्या. विचारलं हे काय आहे, तर एकदम सहज म्हणाल्या, "मना पाठमा मशीन शे ना. दुखण्याची. छातीमा नही शे."

म्हणजे बाई खोटं बोलल्याच नव्हत्या, आमचा प्रश्नच चुकीचा होता. पेसमेकर हृदयाचा, हे त्यांना माहीत होतं आणि हृदयाला काही नव्हतं, त्यामुळे उत्तर नाही, आणि ते बरोबरच होतं.

तो स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर होता. मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या पाठीमागच्या फटीत बारीक वायर सोडतात आणि बॅटरी कातडीखाली ठेवतात, वायरीतून हलका करंट जात राहतो आणि दुखणं दबतं. आपलं कोपर कशावर आपटलं की आपण तिथे चोळतो आणि बरं वाटतं ना, मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 साली त्यामागचा गेट कंट्रोलचा सिद्धांत मांडला, म्हणजे चोळल्याचा संदेश दुखण्याच्या संदेशाला वाटेतच अडवतो, आणि 1967 साली नॉर्मन शीली यांनी पहिल्यांदा माणसाच्या पाठीत असं यंत्र बसवलं. आम्ही क्लिनिकमध्ये कातडीवरून हलका करंट देणारी टेन्स लावतो तीही याच विचारातून आली. पण शॉर्टवेव्ह वेगळी. ती 27.12 मेगाहर्ट्झच्या लहरी टाकते, ती ऊर्जा धातूची वायर ओढून घेते आणि वायरचं टोक, जे मज्जारज्जूच्या अगदी जवळ असतं, ते तापतं. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने 2002 साली याचा इशारा दिला होता, मेंदूत असं यंत्र असलेले दोन रुग्ण डायथर्मीनंतर, म्हणजे अशाच लहरींच्या शेकानंतर, दगावल्याचे रिपोर्ट आले होते. यंत्र बंद करून ठेवलं तरी चालत नाही, बॅटरी काढलेली असली आणि वायर आत राहिली असली तरीही नाही. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, पण तशी पाठ हाताखाली पहिल्यांदाच आली. मी बाहेर जाऊन पाणी प्यायले तेव्हा ग्लास धरवत नव्हता.

मावशींच्या पिशवीत पानाच्या डब्याखाली यंत्राचं ओळखपत्र होतं, इंग्रजीत, चार घड्या घातलेलं.

आता हे सगळं पडद्यापलीकडून आप्पा ऐकत होते. रावेरकडचे केळीवाले, पाठीची दोन ऑपरेशनं झालेली, तरी डाव्या पायात आग होते, घोट्यापर्यंत. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना हेच यंत्र सुचवलं होतं, खर्च लाखांत, आणि एक बाग खोताला द्यायची का यावर घरात वाद चालला होता. त्यांनी पडद्याआडूनच विचारलं, "ताई, दुखणं गेलं का मग तुमचं?"

मावशी म्हणाल्या, गेलं नाही भाऊ, अर्ध्यावर आलं. पायाची आग गेली, कंबर आखडते ती आखडतेच. आधी आठवडाभर वायर आत आणि बॅटरी बाहेर पट्ट्याला लावून बघितलं, तेव्हा मुंग्या आल्यासारखं वाटायचं. वर्षाने वायर सरकली, परत चिरावं लागलं. दर तीन-चार दिवसांनी पट्टा बांधून तास-दीड तास चार्जिंग करत बसावं लागतं, इथे आखाजीला लाईट गेली तर झोपच लागत नाही. पण देवदर्शनाला पायी जाते मी आता. शेवटचं वाक्य त्या दोनदा बोलल्या.

आप्पा गप्प बसले. त्यांना वाटत होतं यंत्र बसलं की दुखणं शून्य. मी त्यांना सांगितलं की डॉक्टर ट्रायलमध्ये, म्हणजे बॅटरी बाहेर ठेवून बघतात तेव्हा, साधारण निम्मं दुखणं कमी झालं तर पुढे जातात, पूर्ण गेलं पाहिजे असं कुणीच म्हणत नाही. आणि कंबरदुखीसाठी पुरावा कच्चा आहे, सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात 13 अभ्यास आणि 699 रुग्ण होते आणि सहा महिन्यांनी खोट्या उपचारापेक्षा बहुधा फायदा नाही असंच निघालं. तुमचं दुखणं पायातलं, नसेचं आहे, म्हणून डॉक्टरांनी विषय काढला असेल, पण कंबर आणि पाय वेगवेगळे मोजा, एकत्र नको. ट्रायलच्या दिवसांत पलंगावर पडून राहाल तर सगळ्यांचंच दुखणं कमी होतं. वाकायचं, पिळायचं नाही असं ते सांगतील ते पाळा, पण चाला, बसा, गाडीतून जाऊन बघा, आणि रोज रात्री वहीत लिहा. मला राग येतो तो याचाच, की एवढा खर्चाचा निर्णय माणूस पाच मिनिटांच्या ओपीडीत घेतो आणि चार्जिंगचं सुद्धा त्याला कुणी सांगत नाही.

मावशींना त्या दिवशी विजेचं काहीच लावलं नाही, हाताने सैल केलं आणि दोन व्यायाम शिकवले. ओळखपत्राचा फोटो त्यांच्या भावजयीच्या मोबाईलमध्ये काढून ठेवायला लावला, आणि एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं, पाठीत यंत्र आहे, डायथर्मी नको, एमआरआय आधी विचारा. चिठ्ठी पानाच्या डब्यात गेली.

केसपेपरची राहिलेली गड्डी मी संध्याकाळी घेऊन बसले आणि पेसमेकरच्या प्रश्नाखाली पेनाने प्रत्येक कागदावर लिहिलं, "अंगात कुठेही मशीन, वायर, बॅटरी, रॉड?" मुलगी म्हणाली मॅडम नवीन छापून आणू. म्हटलं आणू, पण उद्या सकाळी पेशंट येतीलच ना.

आप्पा जाताना वही कुठली घ्यावी विचारत होते, शंभर पानी की दोनशे.