भोक तिकोनी, कवडसा गोल

29 मार्च 2020, रविवार. तारीख अगदी नक्की सांगता येते, कारण ती आमच्या भिंतीवर लिहिलेली आहे. पेन्सिलीने, बाबांच्या ठसठशीत अक्षरात.

जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्चला कोविड ही महासाथ असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत माझं ऑफिस घरातल्या टेबलावर येऊन बसलं. टेबल पूर्वेच्या खिडकीशी. समोरच्या इमारतीचं बांधकाम तिसऱ्या मजल्यावर थांबलेलं, त्यामुळे सकाळचं ऊन कशालाही न अडखळता थेट लॅपटॉपवर. स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून मी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून काचेवर चिकटवला. पुठ्ठ्याला कुठे तरी भोक पडलं होतं. त्याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता.

बाबांना होता. त्यांच्याकडे तेव्हा वेळाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. फिरायला जाणं बंद, कट्टा बंद, आणि दिवसातून तीन वेळा "अगं, आज वार कोणता?" हा प्रश्न. पहिल्यांदा मी नीट सांगायचे, तिसऱ्यांदा चिडायचे.

त्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. समोरच्या भिंतीवर एक कवडसा पडला होता. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, गोल गरगरीत.

"भोक बघ," बाबा म्हणाले.

भोक तिकोनी होतं. पुठ्ठा फाटतो तसं, एक टोक लांब. मी भोकाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा भोकाकडे. तिकोनी भोकातून गोल उजेड? शाळेत सूचिछिद्र कॅमेरा शिकलेच होते की. आकृती काढून मार्कही मिळवले होते. पण भिंतीवरचा तो गोल म्हणजे भोकाचा आकार नाही, साक्षात सूर्याचा आहे, हे त्या सकाळपर्यंत माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. भोक बारीक आणि भिंत लांब असली की भोकाच्या आकाराला कोणी विचारत नाही.

मग पट्टी निघाली. भोकापासून भिंत 3 मीटर 20 सेंटिमीटर. कवडसा 3 सेंटिमीटर आणि वर थोडासा. भागाकार केला तर 107 च्या आसपास. आता सूर्याचं पृथ्वीपासूनचं अंतर साधारण 15 कोटी किलोमीटर, त्याचा व्यास सुमारे 14 लाख. त्याचाही भागाकार 107. मी बधिर होऊन कॅल्क्युलेटरकडे बघत बसले. ऑफिसच्या कॉलवर कोणी तरी माझं नाव घेत होतं, रविवार असूनही. मी म्यूटवर होते, तशीच राहिले.

बाबांनी कवडशाभोवती पेन्सिल फिरवली, शेजारी तारीख टाकली आणि वेळ लिहिली, 7.15.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला कवडसा त्या गोलात बसेना. डावीकडे सरकला होता, बोटभर. मंगळवारी आणखी बोटभर. सूर्योदयाची जागा रोज थोडी उत्तरेकडे सरकते, म्हणून आत कवडसा दक्षिणेकडे सरकतो, एवढं साधं. पण पाठ असणं वेगळं आणि आपल्याच भिंतीवर तो चालताना दिसणं वेगळं. त्यात ते दिवस कसे होते आठवा. सोमवार आणि गुरुवार यांत फरक उरला नव्हता. तेच कपडे, त्याच बातम्या, तीच खिडकी. आणि या सगळ्यात भिंत म्हणत होती, कालचा दिवस तिथे होता, आजचा इथे आहे. बाबांनी वार विचारणं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बंद केलं. उलट तेच मला सांगायला लागले.

सात वाजता त्यांची तयारी सुरू व्हायची. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. सात बाराला पेन्सिलीला टोक. बाबांची तीस वर्षं ऑफिसात हजेरीचं मस्टर सांभाळण्यात गेली, आणि त्या पेन्सिलीच्या टोकात ती सगळी उतरली होती. मला फक्त घड्याळ वाचायची परवानगी होती. "आता!" म्हणायचं. एकदा मी अर्धा मिनिट उशिरा म्हटलं तर तो दिवस त्यांनी तुटक रेषेने काढला.

ही मजा सांगताना जरा संकोच वाटतो. बाहेर सायरन वाजत होते, लोक शेकडो मैल पायी चालत होते, आणि आम्ही ठिपके काढत होतो. भिंतीवर 6 मे आणि 11 मे यांच्या मध्ये चार बोटं मोकळी जागा आहे. 6 तारखेला दुपारी फोन आला. बाबांचे शाळेपासूनचे मित्र गेले. पोचवायला जाता येणार नव्हतं. पुढचे चार दिवस सव्वासातला बाबा खुर्चीत बसून कवडशाकडे बघायचे, उठायचे नाहीत. मला गोल काढता आला असता. पेन्सिल माझ्या हाताशीच होती. नाही काढले.

पाचव्या दिवशी ते उठले. दाढी केलेली नव्हती.

मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस आला. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मध्ये राहणाऱ्यांच्या वाट्याला असे दोन दिवस वर्षाला येतात, सूर्य ऐन माथ्यावर. गच्चीची किल्ली मागितली तेव्हा "कशाला हवी?" या प्रश्नाला "सावली बघायची आहे, म्हणजे नाही बघायची" असं उत्तर मी दिलं. किल्ली देणाऱ्याने ती सहा फुटांवरून फेकली आणि आणखी काही विचारलं नाही. तांब्याची सावली तांब्याच्या बुडाखाली गेली. बाबा स्वतःभोवती एक गिरकी घेऊन आपली सावली शोधत होते. 21 जूनचं सूर्यग्रहण मात्र ढगांनी खाल्लं. दोनच मिनिटं फट मिळाली, तेवढ्यात चाळणी धरली आणि गच्चीच्या फरशीवर पाचपन्नास चंद्रकोरी एकदम उमटल्या.

जूनपर्यंत भिंतीवरची रांग मीटरभर लांब झाली होती. गोल आता दाटीवाटीने पडायला लागले होते. आधी बोटभर सरकणारा कवडसा अर्धं बोट, मग नखभर, आणि तिसऱ्या आठवड्यात तर एकावर एकच. अयनाशी, म्हणजे उत्तरेचं टोक गाठून मागे वळताना, सूर्य रेंगाळतो तो असा. नंतर कुठे तरी वाचलं की त्या महिन्यांत माणसांचा वावर थंडावल्यामुळे जमिनीत होणारी थरथर जगभरच्या भूकंपमापकांवर निम्म्यापर्यंत कमी झाली होती. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या भिंतीवरसुद्धा तेव्हा सगळं थांबल्यासारखंच दिसत होतं.

मग तो उलटा फिरला. जुलैभर ढग, त्यामुळे आठवड्यातून एखादाच गोल. 22 जुलैला उघडीप मिळाली. माझ्या हिशेबाने त्या दिवशी कवडसा 21 मेच्या गोलावर यायला हवा होता, कारण दोन्ही तारखा 21 जूनपासून सारख्याच लांब. कवडसा आला, पण मेच्या गोलाच्या चांगली अर्धी वीत वर.

"तू घड्याळ चुकीचं वाचलंस," बाबा.

"सात पंधराच होते."

"मग मेमध्ये चुकली असशील."

दोन दिवस आमचं याच्यावर भांडण चाललं. इतकं मनापासून भांडण आमच्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. शेवटी शोधलं तेव्हा कळलं, चूक सूर्याची. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या ठोक्याला येत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात तो घड्याळाच्या चौदा मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे. 21 मेला साधारण साडेतीन मिनिटं पुढे होता, 22 जुलैला साडेसहा मिनिटं मागे. दोन्ही मिळून दहा मिनिटं. तेवढ्या वेळात जितका वर चढायचा तितका तो अजून चढलेला नव्हता, म्हणून कवडसा वर.

हे मी बाबांना कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा बघितली. मग उठून भिंतीपाशी गेले आणि 22 जुलैच्या गोलाशेजारी, मस्टरमध्ये लिहायचे तशा तिरक्या बारीक अक्षरात, शेरा लिहिला: लेटमार्क.