उजव्या पायाचा गिअर

लीड्समध्ये सहा वर्षे काढल्यानंतर गेल्या वर्षी मी येथील मोटारसायकलचा परवाना काढला. परीक्षा अर्थातच नव्या गाडीवर, डाव्या पायाने गिअर टाकत दिली. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी जूनमधील रविवारच्या फेरीसाठी आपली 1953 सालची रॉयल एनफिल्ड बुलेट मला देऊ केली, तेव्हा त्यांनी दोनदा बजावले, "हिचा गिअर उजव्या पायाला आहे, पहिला वर, बाकीचे तीन खाली. मागचा ब्रेक डावीकडे." मी त्यांना सांगितले की साताऱ्यात मामाच्या मद्रासी बुलेटवर मी नेमके हेच शिकलो आहे. बुलेट हे नाव इंग्लंडमधील रेडिच येथे 1932 साली रूढ झाले आणि 1955 मध्ये मद्रासला स्वतंत्र कंपनी निघाली, हे त्यांना ठाऊक होते. परंतु आमच्याकडे उजव्या पायाचा गिअर पुढे कित्येक दशके टिकला, याचे त्यांना मोठे अप्रूप वाटले.

फसगत झाली ती गाडी सुरू करताना. मामाच्या गाडीवर किक हळूहळू दाबत बॅटरीचा वीजप्रवाह दाखवणाऱ्या अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मग अंगाचा सगळा भार टाकून किक मारायची, हा विधी माझ्या अंगवळणी पडलेला होता. येथे मी काट्याकडे टक लावून उभा राहिलो, पण तो काही केल्या हलेना. या गाडीत ठिणगी मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्रातून मिळते, बॅटरीचा तिच्याशी संबंध नसतो. त्यामुळे पिस्टन कुठे आहे हे काट्यावरून कळायचे नाही, पायाला लागणाऱ्या जोरावरूनच ओळखायचे. कार्बोरेटरवरची कळ पेट्रोल ओघळेपर्यंत दाबली आणि चौथ्या किकला इंजिन बोलू लागले.

यॉर्कशायरमधील हॉज या गावातून आम्ही 18 गाड्यांनिशी निघालो. काटेकोर बोलायचे तर 'व्हिंटेज' हा शब्द 1930 अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच शोभतो, आणि आमच्यात तशी एकच होती, टाकीच्या बाजूला हातगिअर असलेली. बाकीच्या बहुतेक 1950 ते 1970 च्या दरम्यानच्या होत्या. मुळात फारसा बदल न केलेल्या, 40 वर्षांहून जुन्या गाड्यांना येथे रस्ता-कर द्यावा लागत नाही आणि त्यांची वार्षिक तपासणीही सक्तीची नसते. आपल्याकडे 15 वर्षे उलटली की पर्यावरण कर भरावा लागतो, हे सांगण्याचा मोह मी आवरला.

हॉजहून उत्तरेला बटरटब्ज खिंडीचा चढ लागतो. खिंडीची उंची जेमतेम 526 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या निम्मीही नाही. पण झाडाचा मागमूस नसलेल्या त्या माळावर वारा अंगावर धावून येतो. रस्त्यालगत चुनखडीत खोल विवरे आहेत. हॉजच्या बाजाराला निघालेले शेतकरी उन्हाच्या दिवसांत लोणी गार राहावे म्हणून ते या विवरांत सोडून ठेवीत, अशी आख्यायिका आहे आणि खिंडीचे नाव त्यावरूनच पडले. 346 सीसीचे एकच सिलिंडर तिसऱ्या गिअरमध्ये संथपणे धडधडत चढत होते, आणि चौथा टाकण्याची घाई मला मुळीच झाली नाही.

खिंड उतरून आम्ही स्वेलडेलच्या खोऱ्यात आलो. एवढा मोठा ताफा एकत्र कसा राहतो, याची येथील पद्धत सांगण्याजोगी आहे. सर्वांत पुढे म्होरक्या आणि सर्वांत मागे पिवळे जाकीट घातलेला शेवटचा स्वार. प्रत्येक वळणावर म्होरक्याच्या मागचा स्वार थांबतो, येणाऱ्यांना दिशा दाखवतो आणि पिवळे जाकीट दिसले की पुन्हा ओळीत शिरतो. त्यामुळे कोणालाही कोणाला गाठण्यासाठी गाडी पळवावी लागत नाही. ग्रिंटनच्या वळणावर माझी पाळी आली. पंधरा गाड्या गेल्या, सोळावी आलीच नाही. इंजिन बंद करून मी चुन्याशिवाय रचलेल्या दगडी कुंपणाला टेकून उभा राहिलो. कुंपणापलीकडे काळ्या तोंडाची, पांढऱ्या नाकाची, वळलेल्या शिंगांची एक मेंढी रवंथ थांबवून माझ्याकडे रोखून पाहत होती. तापलेल्या इंजिनाची टिकटिक आणि टिटवीसारख्या एका पक्ष्याची हाक, एवढेच आवाज होते. वीस मिनिटांनी अखेर सोळावी गाडी आली आणि तिच्यामागे पिवळे जाकीट. त्या गाडीची क्लच केबल तुटली होती. रस्त्याच्या कडेला बसून केबलच्या टोकाला स्क्रूने आवळायचे नवे निपल बसवले गेले होते, आणि बाकीचा वेळ बहुधा चहा पिण्यात गेला होता, कारण थर्मासचा पेला अजून त्या स्वाराच्या खिशात होता.

ग्रिंटनचा माळ ओलांडून आम्ही वेन्सलीडेलच्या खोऱ्यात उतरलो आणि एस्गार्थवरून परत हॉजला आलो. सगळी फेरी 45 मैलांच्या आसपासची असेल. तिला दुपार पुरली नाही. हॉजमध्ये फ्रूटकेकच्या तुकड्याबरोबर वेन्सलीडेल चीज खाण्याची यॉर्कशायरची रीत आहे. गोडाबरोबर चीज ही कल्पना मला वर्षानुवर्षे पटली नव्हती, पण वाऱ्याने गारठल्यावर पटली.

रात्री मामाला बुलेटचे छायाचित्र पाठवले. त्याचा लगेच फोन आला आणि पहिलाच प्रश्न होता, "काटा मध्यावर आणून मारलीस ना किक?" मॅग्नेटो समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला, तरी त्याचे म्हणणे एकच होते, की काटा हलत नाही म्हणजे बॅटरी उतरली असणार.