बाईंची पावसाची वही

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'आपल्या यशस्वी कारकिर्दीविषयी लिहावे' असं समितीचं पत्र आलं. लिहायला बसलो आणि भूगोलाच्या बाईंपाशीच अडकलो. १९९४च्या दहावीच्या मागच्या-पुढच्या कुणालाही कोणत्या बाई हे सांगायला नको. बाकी गुरुजनांचं ऋण आहेच, त्यांच्याविषयी इतर जण लिहितील. मी बाईंविषयी लिहितो.

मैदानाच्या कडेला, विहिरीच्या अलीकडे आपला पर्जन्यमापक होता. पावसाळ्यात सकाळी साडेआठला दोघांची पाळी असायची आणि बाई स्वतः छत्री धरून हजर असायच्या. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो. सगळीकडे एकाच वेळी मोजलं तरच आपल्या देवगडचा आकडा महाबळेश्वरच्या आकड्याशेजारी ठेवता येतो, हे त्या दर वर्षी नव्या मुलांना सांगत. मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं. म्हणजे २० मिलिलिटर पाणी साठलं की १ मिलिमीटर पाऊस झाला. हा हिशेब त्यांनी आम्हाला आयता दिला नाही, फळ्यावर आमच्याकडूनच काढून घेतला. आकडा वहीत चढायचा, समोर शेऱ्याचा रकाना आणि शेवटी मोजणाऱ्याची सही.

एका जुलैत रात्रभर वारा सुटला होता. सकाळी जाऊन बघतो तर माडाची झावळी पडून मापक आडवा झालेला, बाटली रिकामी. त्याच आठवड्यात शाळा तपासणी होती. माझ्या जोडीदाराने वहीत शून्य लिहिलं. पण रात्री धो धो कोसळला होता, शून्य कसं चालेल? मग आदल्या दिवशीचा आकडा टाकावा असं कुणी सुचवलं, कुणी म्हणालं मागच्या चार दिवसांची सरासरी घ्या. वही पूर्ण दिसायला हवी, एवढीच सगळ्यांना घाई. बाईंनी वही घेतली, शून्यावर एक रेघ मारली, खाली सही केली आणि शेऱ्यात लिहिलं, 'झावळी पडून मापक कलंडला. नोंद नाही.' खोडरबर वापरू दिलं नाही. वर्गात त्या शुद्ध बोलत, पण मनातलं सांगायचं असलं की मालवणीत येत. म्हणाल्या, "शून्य म्हणजे पाऊस पडूक नाय. पडूक नाय ह्यां तुका म्हायत आसा काय? मग लिवतंस कित्याक?"

तपासणीला आलेल्या साहेबांनी तो मोकळा रकाना पाहिला, शेरा वाचला आणि पान उलटलं. प्रसंग एवढाच. पण गेली कित्येक वर्षं माझं पोट त्यावर चाललं आहे.

रत्नागिरीला संख्याशास्त्रात बी.एस्सी. केल्यावर पहिली नोकरी मिळाली ती मासळीच्या सर्वेक्षणात. बंदरावरच्या सगळ्या होड्या रोज मोजता येत नाहीत. काही दिवस आणि काही होड्या निवडायच्या, त्यांच्या टोपल्या मोजायच्या आणि त्यावरून महिन्याचा अंदाज बांधायचा. तुफान असलं की होड्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा मासळी खरोखर शून्य. पण त्याच तुफानात रस्ता बंद होऊन मोजणारा बंदरावर पोचला नाही, तर ते शून्य नव्हे. माझ्या हाती आलेल्या जुन्या तक्त्यांत दोन्ही ठिकाणी शून्यच होतं. ते वेगळे करताच सरासरी बदलली. वरिष्ठांनी विचारलं, हे कुठे शिकलास? मी शाळेचं नाव सांगितलं.

पुढे पुण्यात साथरोगांच्या कामात गेलो. लेप्टोचे, म्हणजे पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणाऱ्या तापाचे, रुग्ण आणि पाऊस यांचा मेळ घालायचा होता. साडेआठला मोजलेला पाऊस त्या तारखेखाली लिहितात, पण त्यातला बराचसा आदल्या दिवशी पडलेला असतो. शिवाय जंतू अंगात शिरल्यापासून ताप यायला बहुधा पाच ते चौदा दिवस जातात. तारखाच सरकलेल्या असतील तर नातं दिसणार कसं? वैद्यकाचं शिक्षण मला नव्हतं, डॉक्टरांशी बोलून ते शिकलो. आकड्याला काय विचारायचं ते मात्र आधीच येत होतं. कुणी मोजलं, कधी, कशाने, आणि काय राहून गेलं?

त्यानंतर हापूसच्या हवामानावर आधारित पीकविम्याचं काम आलं, आणि ते मला सर्वात जवळचं. या विम्यात बागेत जाऊन पंचनामा होत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर अवेळी पाऊस किंवा तापमान किती नोंदलं गेलं, त्यावर भरपाई ठरते. केंद्र बंद पडलं आणि तिथे शून्य चढलं, तर पाऊस झालाच नाही असा अर्थ निघतो आणि मोहोर गळालेल्या बागायतदाराच्या हाती काही येत नाही. असे रकाने शोधून काढताना बाईंची लाल रेघ डोळ्यासमोर असायची.

वहीवरून एक्सेल, मग 'आर', मग पायथन या संगणकाच्या भाषा, साधनं बदलत गेली. ती प्रत्येक वेळी काही महिन्यांत शिकता आली. आज माझ्या हाताखालची मुलं माझ्याहून सफाईने कोड लिहितात, त्याचा अभिमान वाटतो. पण पहिल्या आठवड्यात मी त्यांना संगणकाला हात लावू देत नाही, आधी आकडा जिथे जन्मतो तिथे पाठवतो. बंदरावर, दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीपाशी, हवामान केंद्राच्या कुंपणाशी.

गेल्या गणपतीत शाळेत आलो होतो. संगणक कक्ष छान झाला आहे, देणगीदारांचे आभारच मानायला हवेत. मापकाच्या जागी मात्र आता गाड्या लागतात. पावसाच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली असं शिपाईकाकांकडून कळलं आणि जीव हळहळला. मोबाईलवर पाऊस दिसतो म्हणून त्या गेल्याचं कुणाला फारसं वाटलं नसेल. पण ती एका गावाच्या पावसाची वर्षानुवर्षांची नोंद होती, मुलांच्या सह्यांसकट. ती आता कुठून आणायची? बाई असत्या तर कपाटाला आधीच डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला लागला असता.

म्हणून समितीला विनंती आहे. नवा मापक, मोजपात्र आणि वही मी देतो. हजेरीसारखी रोजची पाळी तेवढी शाळेने लावावी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. जागा विहिरीजवळची नको, तिथले माड आता फार वाढले आहेत. झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर सुटायला हवं, त्यामुळे ध्वजस्तंभाच्या पलीकडचा मोकळा कोपरा बरा. मेच्या सुट्टीत मी गावी आहे, चौथरा तेव्हाच बांधून घेऊ. ७ जूनच्या आत बसला तर यंदाचाच पाऊस पहिल्या सरीपासून वहीत येईल.